बिनलिफ्टचा बुधवार

मोठ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांना पितळेची घंटा भेट दिली आणि इमारतीच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. निदान इमारतीतल्या लोकांचं तरी हेच मत होतं. एखादं घड्याळ दिलं असतं तर बाई वेळ बघत गुपचूप घरात बसल्या असत्या. घंटा दिल्यावर ती ऐकायला कुणीतरी समोर हवंच.

समोर सात मजल्यांची इमारत होती. बाई तळमजल्यावर राहत, जिन्याला लागून असलेल्या घरात. दार उघडलं की एका हाताला पत्रपेट्या, दुसऱ्या हाताला लिफ्ट आणि लिफ्टला वळसा घालत वर गेलेला जिना. येणारा-जाणारा प्रत्येक जण बाईंच्या दारावरूनच जाई. उभं आयुष्य मुख्याध्यापिका म्हणून काढलेल्या बाईला याहून सोयीची जागा शोधूनही मिळाली नसती.

सुरुवात कचऱ्यापासून झाली. सकाळी घंटा वाजली की ज्याने त्याने ओल्याचा आणि सुक्याचा डबा वेगवेगळा घेऊन खाली यायचं. बाई स्वतः प्रत्येक डब्यात डोकावत. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर इमारतीचे अध्यक्ष होते, पण त्यांच्या अंड्याच्या टरफलांत प्लास्टिकची पिशवी निघाली तेव्हा बाईंनी त्यांनाही सगळ्यांदेखत डबा घेऊन परत वर पाठवलं. मग गळक्या नळांचा नंबर लागला. मग जिन्यातल्या दिव्यांचा. मग अंगणाच्या कोपऱ्यात खतासाठी खड्डा खणला गेला. त्याला वास येणार म्हणून लोकांनी आधीच नाकं मुरडली, आणि वास आला नाही तेव्हा जरा हिरमुसले. पुढे त्या खतावर कुंड्यांमध्ये टोमॅटो लागले. ज्यांनी सगळ्यात जास्त कुरकुर केली होती, त्यांनीच ते सगळ्यात आधी तोडून नेले.

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, हे त्यांना नावं ठेवणारेही मान्य करत. वर्षानुवर्षं त्यांनी शाळेच्या फाटकात उभं राहून लहान लहान मुलं आत घेतली होती. या पोरांना पुढे पाणी पुरेल ना, श्वास घ्यायला धड हवा मिळेल ना, ही काळजी त्यांना खरोखरच होती. ती त्यांना सकाळी लवकर उठवी. अडचण एवढीच होती की बाईंना काळजीसुद्धा छडी हातात घेऊनच करता येत असे.

त्यांना न घाबरणारं इमारतीत एकच माणूस होतं. ते म्हणजे ताई, बाईंची सख्खी थोरली बहीण. ताई सातव्या मजल्यावर एकट्या राहत. वारा चांगला येतो म्हणून त्यांच्या यजमानांनी हौसेने वरचं घर घेतलं होतं. यजमान गेले, वारा राहिला. रोज संध्याकाळी ताई घडी घातलेलं वर्तमानपत्र काखेत मारून लिफ्टने खाली येत. त्यातल्या शब्दकोड्याचे आडवे शब्द त्यांनी दुपारीच भरलेले असत, उभे शब्द बाईंसाठी सोडलेले. दोघी चहाचे कप समोर ठेवून उरलेलं कोडं सोडवत आणि एकमेकींच्या अकलेचे वाभाडे काढत. कोडं त्या दिवसाचं त्याच दिवशी सोडवायचं, शिळं कोडं हातात धरायचं नाही, हा ताईंचा नियम. बाई मात्र वर क्वचितच जात, आणि गेल्याच तर लिफ्टने. ताई येतातच आहेत तर आपण कशाला जायचं, असा सगळा मामला होता. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

आणि मग बाईंची नजर लिफ्टवर गेली.

दारातच होती ती. दिवसभर तिचं वरखाली चाललेलं बाईंना ऐकू येई. पहिल्या मजल्यावरचे धडधाकट लोक तिच्यात बसून एक मजला जात आणि रिकामी लिफ्ट कुणीतरी बटण दाबलं म्हणून पुन्हा धावत वर जाई. बाईंनी घंटा वाजवून अंगणात सभा बोलावली आणि सांगितलं की आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, लिफ्ट पूर्ण बंद ठेवायची. वीज वाचेल आणि लोकांना पाय आहेत हे लोकांच्या लक्षात येईल.

पाचव्या मजल्यावरचा बसचालक उठला. आडदांड माणूस, आवाजही तसाच.

"बाई, एक विचारू का? तुम्ही राहता तळमजल्यावर. तुमचं काय जातंय?"

सगळे खदाखदा हसले. अध्यक्षसुद्धा हसले, त्यांचे दात बघण्यासारखे होते. बाईंचा चेहरा पडला. सबंध आयुष्यात त्यांच्या समोर असं कुणी हसलं नव्हतं, निदान त्यांना दिसेल असं नाही.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक हात वर गेला. तो ताईंचा होता.

"मला पसंत आहे," ताई म्हणाल्या. "सातव्यावर राहते मी. माझं जातंय ना? मग झालं तर."

एवढ्या वर राहणारी, गुडघ्यांवर हात ठेवून उठणारी बाई तयार झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांना नाही म्हणायची सोय उरली नाही. एकेक हात वर गेला. सगळ्यात शेवटी, डोळे जमिनीकडे लावून, बसचालकाचाही. ठराव पास झाला.

बाई काही दुष्ट नव्हत्या. आजारी माणूस, जड सामान, अडली-नडली वेळ या सगळ्याचा त्यांनी विचार केला होता. लिफ्टचा खटका जिन्याखालच्या पेटीत होता. त्या पेटीला कुलूप लावून किल्ली बाईंनी आपल्याजवळ ठेवली. ज्याला खरोखर गरज असेल त्याने बाईंना सांगावं, बाई किल्ली देतील. त्यांच्या मते हा फारच उदार नियम होता. पण बाईंकडे काही मागायला जाणं म्हणजे काय, हे शाळेत गेलेल्या कुणालाही समजेल. सहाव्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणारे एक गृहस्थ राहत. बाहेरून येताना त्यांचा पाय मुरगळला आणि ते लंगडत किल्ली मागायला गेले. कुठला पाय, कुठे मुरगळला, तेव्हा पायात काय होतं, लक्ष कुठे होतं, असं सगळं बाईंनी दारातच विचारून घेतलं आणि मग किल्ली काढली. तोवर व्हायोलिनवाले पहिल्या मजल्यापर्यंत पोचले होते, लंगडत. त्यानंतर लोकांनी किल्लीचा नादच सोडला.

पहिल्या बुधवारी संध्याकाळी बाईंनी चहाचे दोन कप भरून ठेवले. ताई आल्या नाहीत. बाईंनी फोन लावला.

"आज नाही गं जमणार," ताई म्हणाल्या. "कपाटं आवरायला काढलीयेत."

पुढच्या बुधवारी त्यांचे डोळे दुखत होते. त्याच्या पुढच्या बुधवारी कुण्या मैत्रिणीचा फोन यायचा होता. गुरुवारी मात्र ताई ठरल्या वेळी हजर, वर्तमानपत्र काखेत, हसतमुख. बाई मनातून दुखावल्या. चारचौघांत हात वर केला, वाहवा घेतली आणि आता एक दिवस चालायचं जिवावर येतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. तोंडावर त्या काही बोलल्या नाहीत. बुधवारचे दोन्ही कप मात्र त्या एकट्याच पिऊ लागल्या. दुसरा कप गार झालेला असे, पण फेकायचं काही नाही हा त्यांचाच नियम होता.

राग आपल्या जागी आणि मोहीम आपल्या जागी. पुढच्या सभेत कुणीतरी किल्लीच्या नियमाबद्दल कुरबुर केली, तेव्हा बाईंनी ताईंचंच उदाहरण पुढे केलं.

"माझी बहीण सातव्या मजल्यावर राहते. वय तिचंही झालंय, गुडघे तिलाही आहेत. तिने आजवर एकदा तरी किल्ली मागितली का? विचारा तिला!"

कुणी विचारलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई काहीतरी बोलायला म्हणून पुढे सरसावल्या, पण ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पुन्हा मागे टेकून बसल्या. बसचालक बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. अंगणात विचित्र शांतता पसरली. बाईंना ती आदराची वाटली. त्या भरात त्यांनी बुधवारच्या जोडीला शनिवारही मंजूर करून घेतला. पहिला हात याही वेळी ताईंचाच होता, फक्त जरा सावकाश वर गेला.

अशी ही इमारत हळूहळू नावारूपाला आली. विजेचं बिल उतरलं, कचऱ्याची गाडी अर्धी रिकामी जाऊ लागली. शेवटी नगरपालिकेने इमारतीला प्रशस्तिपत्र द्यायचं ठरवलं आणि एका बुधवारी संध्याकाळी फोटो काढायला माणूस पाठवला. बाईंनी नवी साडी नेसून अंगण दोनदा झाडून घेतलं. फोटोत काय असावं हेही त्यांनी ठरवलं होतं. सातव्या मजल्यावरची ताई कापडी पिशवी घेऊन जिन्याची शेवटची पायरी उतरतेय, असा तो फोटो. त्यापुढे कुणाची काय बिशाद होती बोलायची!

त्यांनी फोन लावला.

"ताई, खाली ये. फोटोवाला आलाय."

"मला नाही गं जमणार."

"का?"

"केस धुतलेत."

"केस वाळतात. पाच मिनिटांचं काम आहे. एवढंही माझ्यासाठी होत नाही का तुझ्याकडून?"

"तू काढून घे ना तुझा फोटो," ताई म्हणाल्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या बुधवारांचा साठलेला राग होता तो. "थांब, मीच येते वर तुला न्यायला," त्या म्हणाल्या.

"वर नको येऊस!" ताई घाईघाईने म्हणाल्या, पण बाईंनी फोन बंद केला होता.

बाई जिना चढू लागल्या. पहिला मजला त्यांनी रागाच्या जोरावर पार केला. दुसऱ्यावर डॉक्टरांची सायकल कठड्याला बांधलेली होती, तिच्याकडे पाहत त्या जरा थांबल्या. या इमारतीतल्या प्रत्येक घराच्या कचऱ्यात काय असतं हे बाईंना तोंडपाठ होतं, पण कुणाच्या दाराबाहेर काय असतं हे त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. तिसऱ्यावर त्यांना धाप लागली. पायऱ्या खालून दिसतात त्याहून उंच होत्या. कुणाच्या तरी घरात काहीतरी करपल्याचा वास येत होता आणि ते कशाने करपलं, हे नेहमीसारखं विचारायचं त्राण बाईंमध्ये नव्हतं. त्या कठडा धरून चौथ्यावर आल्या आणि तिथे भिंतीला टेकून ठेवलेली एक लाकडी खुर्ची त्यांना दिसली. तिच्यावर कापडाच्या रंगीत तुकड्यांची उशी होती. बाईंनी मागचापुढचा विचार न करता अंग टाकलं.

समोरच्या घरात शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच ठेवून दारात आल्या.

"अगंबाई, मोठ्या बाई! बसा, बसा. ताईंनी सांगितलं वाटतं शेवटी तुम्हाला. बरं झालं. माझ्या तर पोटात दुखत होतं."

"काय सांगितलं?" बाईंना एवढं विचारायलाही दोनदा श्वास घ्यावा लागला.

शिंपीणबाईंनी जीभ चावली. पण बाई ज्या खुर्चीत बसल्या होत्या तिच्याकडे त्यांची नजर गेली आणि बाईंनी ती नजर पकडली. पोरांच्या नजरा पकडण्यात त्यांची हयात गेली होती.

"ही खुर्ची कुणाची?"

"माझीच आहे," शिंपीणबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ताईंसाठी ठेवलेली आहे."

त्यानंतर त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. इतके दिवस मूग गिळून बसलेल्या माणसाने एकदा तोंड उघडलं की सगळंच बाहेर येतं.

"पहिल्या बुधवारी निघाल्या हो त्या तुमच्याकडे यायला. हातात पेपर. इथवर आल्या आणि पुढे पाऊलच टाकवेना. त्या पायरीवर बसल्या होत्या, भिंतीला धरून. मी खुर्ची आणून दिली. म्हटलं, बाईंकडून किल्ली आणते. तर म्हणाल्या, अजिबात नाही. मग तुमचा फोन आला. इथेच बसून बोलल्या त्या तुमच्याशी. कपाटं आवरतेय म्हणाल्या, आणि मी हसले तर मला हाताने गप्प केलं. नंतर दर बुधवारी यायच्या. म्हणायच्या, आज बघते एक मजला जास्त उतरता येतोय का. एकदा तिसऱ्यापर्यंत गेल्या. पण उतरलं तर परत चढायचंही असतं ना? सातव्यापर्यंत?"

"आणि शनिवारी?"

"शनिवारीही आल्या दोन-तीनदा. आता नाही येत. आता दोन्ही दिवस वरच असतात."

जिन्याच्या पोकळीतून खालचे आवाज स्वच्छ वर येत होते. फोटोवाला काहीतरी विनोद करत होता. बाईंच्याच स्वयंपाकघरात कुणीतरी कप विसळून पालथे घालत होतं आणि त्याचा खणखणाट चौथ्या मजल्यावर शेजारच्या खोलीत असावा तसा ऐकू येत होता. बुधवारी संध्याकाळी आपण रागारागाने कप कसे आपटायचो, ते बाईंना आठवलं.

"मला का नाही सांगितलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"वचन घेतलं होतं त्यांनी. म्हणाल्या, माझ्यामुळे तिचा बुधवार मोडला तर ती पुन्हा कुणापुढे उभी राहायची नाही. मी तिला लहानपणापासून बघतेय, असंही म्हणाल्या."

"अजून कुणाकुणाला ठाऊक आहे हे?"

शिंपीणबाई टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

बाई उठल्या. वरचे मजले त्यांनी कसे चढले हे त्यांना नंतर आठवेना. ताई दार उघडून उंबऱ्यातच उभ्या होत्या. केस कोरडे होते.

"वर नको येऊस म्हटलं होतं ना," त्या म्हणाल्या. "ये. आधी पाणी पी, मग रागाव."

बाई पाणी प्यायल्या, पण रागवायला काही सुचेना. टेबलावर आजचं वर्तमानपत्र होतं. कोड्यातले आडवे शब्द भरलेले होते, उभे कोरे. इतर दिवशी हे कोडं बाईंच्या टेबलावर पुरं झालेलं असे. बुधवारची कोडी पुढे जातात कुठे, हे रद्दीचा कागदन् कागद मोजून घेणाऱ्या बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

"मी किल्ली दिली असती," बाई शेवटी म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"मग मागितली का नाहीस?"

"तुला विचारून खाली यायचं मी?" ताई म्हणाल्या. "बोट धरून शाळेत नेलंय मी तुला. वेण्या घातल्यात तुझ्या. तू दारात उभी राहून मला विचारणार, कुठला गुडघा, केव्हापासून दुखतोय? नको गं बाई."

बाईंना रडू फुटलं. पदर तोंडाशी धरून त्या रडल्या, लहान मुलं रडतात तसं, आवाज करून. ताईंनी त्यांना रडू दिलं. बाईंना फार लाज वाटत होती आणि ती लपवावी असं घरात दुसरं कुणी नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं होतं.

"उद्याच बंद करते सगळं," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "बुधवार, शनिवार, सगळं."

"खबरदार!" ताई म्हणाल्या. "मी इतके दिवस इथे बसून काढले ते काय मातीत घालतेस? बुधवार चांगला आहे. पहिल्या मजल्यावरची मंडळी बघ, कशी तुरुतुरु चालायला लागलीयेत. तुझं म्हणणं बरोबर होतं म्हणून हात वर केला मी."

"माझ्यासाठी नव्हता केला?"

ताईंनी जरा विचार केला. "अर्धा," त्या म्हणाल्या.

खाली फोटोवाला वाट बघून कंटाळला आणि त्याने अध्यक्षांचाच फोटो काढला. डॉक्टर कापडी पिशवी घेऊन शेवटची पायरी उतरत आहेत आणि हसत आहेत, असा तो फोटो पुढे नगरपालिकेच्या भिंतीवर लागला. सातव्या मजल्यावर मात्र त्या संध्याकाळी एक कोडं पुरं सुटलं.

पुढच्या सभेला बाईंनी घंटा आणली नाही. त्यांनी उभं राहून सांगितलं की किल्ली आपल्याजवळ ठेवली ही आपली चूक झाली. यापुढे ती पेटीशेजारच्या खिळ्याला लटकेल. ज्याला लागेल त्याने घ्यावी, कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. शनिवार रद्द. बुधवार लोकांना हवा असेल तरच राहील. एवढं सांगून त्या म्हणाल्या की आपण आणि ताई घरांची अदलाबदल करतो आहोत. ताई खाली येतील, आपण सातव्यावर जाऊ.

"खिळ्यावरची किल्ली खाली असते," त्यांनी समजावून सांगितलं. "सातव्यावरच्या माणसाला ती मिळवायची तर कुणाला तरी हाक मारावीच लागते. आणि ताई काही हाक मारणार नाही."

ताई मागून म्हणाल्या, "मी सोडून सगळ्यांना विचारून झालं का?" पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

बसचालक उठला. आता हा काय बोलतो म्हणून सगळे बघू लागले. बाईंनीही मनाची तयारी केली होती.

"कपाटं जड असतील," तो म्हणाला. "मी येतो उचलायला."

बुधवार राहिला. सामान गुरुवारी हललं, लिफ्टने. कपाट आत ढकलताना बाईंनी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही, आणि लोकांनीही मोठ्या मनाने तिकडे कानाडोळा केला. ताईंची वाऱ्याची सवय मोडायला थोडे दिवस लागले. खाली वारा नाही, डास आहेत, आणि येणारा-जाणारा उगाच आत डोकावतो, अशी त्यांची तक्रार होती. दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायला मात्र त्यांना आवडू लागलं. किल्ली खिळ्यावर लटकत राहिली. तिचा गैरफायदा घेणारे दोघंतिघं निघाले, नाही असं नाही. पण व्हायोलिनवाले पाय बरा असूनही चालतच येत, आणि विचारलं तर आता चालायला बरं वाटतं म्हणत.

नव्या घरातल्या पहिल्या बुधवारी संध्याकाळी बाई खाली निघाल्या. वर्तमानपत्र त्यांच्या काखेत होतं. आता आडवे शब्द भरून न्यायचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि त्यातले तीन चुकले असणार, याची त्यांना खात्री होती. सहावा, पाचवा मजला बरा गेला. गुडघे शाबूत आहेत असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. उतरताना गुडघ्यांना काय होतं ते त्यांना पाचव्याच्या खाली कळायला लागलं. चौथ्यावर खुर्ची होती तिथेच होती. बाई बसल्या.

खालून कपांचा आवाज आला. मग दार वाजलं आणि चपला फरफटत जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबल्या.

"कुठवर आलीस गं?" ताईंनी खालून हाक मारली. "लावू का किल्ली?"

जिन्याच्या पोकळीतून ती हाक चौथ्या मजल्यावर अगदी जवळून आल्यासारखी ऐकू आली. बाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. एवढंच होतं ते. किल्ली नको, नियम नको, सभा नको. चहा गार होत होता तेव्हा दारातून चार पावलं टाकायची, जिन्यात तोंड घालायचं आणि विचारायचं, कुठवर आलीस. इतके बुधवार त्या खाली बसून रागावल्या आणि इतके बुधवार ताई इथे, याच उशीवर, खालचा आवाज ऐकत बसल्या होत्या.

"ऐकू येतंय का?" ताईंनी पुन्हा विचारलं.

"येतंय," बाई म्हणाल्या. मग त्या कठड्यावरून खाली वाकून ओरडल्या, "चौथ्यावर आहे! किल्ली नको. जरा बसलेय."

"बस बस," ताई म्हणाल्या. "चहा झाकून ठेवते."